गळकाठ्यांची घरगुती मांडणी

पूर्व विदर्भातील भातशेतीचा प्रदेश हा तलावांचा प्रदेश होय. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळात बांधलेले सहा हजारांहून अधिक तलाव व बोड्या आहेत. मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपुष्टात आली आणि पुढे हे तलाव माजी मालगुजारी तलाव, संक्षेपाने मामा तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांच्या पाण्यावर धान पिकते आणि त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ व वाम हे मासे वाढतात. तलावातील मुख्य मासेमारी ढीवर व भोई समाजाच्या सहकारी संस्था जाळ्यांच्या साहाय्याने करतात. तथापि पाळीवर बसून गळाने, ज्यास कित्येक ठिकाणी गरी म्हणतात, दोन-चार मासे धरणे व घरच्या जेवणाची सोय करणे ही या भागातील शेतकरी कुटुंबांची जुनी रीत आहे.

गळाची काठी, म्हणजे गळकाठी, हे साधन दिसण्यात अगदी साधे. परंतु चांगली काठी सहजासहजी मिळत नाही. सरळ, मुळाशी भरीव, शेंड्याकडे क्रमाक्रमाने बारीक होत गेलेला आणि वाकवून सोडताच पूर्ववत सरळ होणारा बांबू बेटात शोधावा लागतो. तो योग्य ऋतूत तोडावा लागतो आणि सावलीत महिना-दोन महिने वाळवावा लागतो. एवढ्या श्रमाने सिद्ध केलेली काठी बहुधा दोन वर्षांत निकामी होते. ती पाण्यावर मोडते असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक बहुसंख्य काठ्या घरातच बिघडतात, आणि तेही त्यांचा उपयोग होत नसतो त्या महिन्यांत.

याचे कारण असे की, रोहू, कटला व मृगळ या माशांचा विणीचा काळ पावसाळ्यात येतो. या काळात मासेमारी बंद ठेवणे हितावह असते व तशी बंदीही घातली जाते. शेतकऱ्यासही रोवणीच्या दिवसांत पाळीवर बसण्यास सवड नसते. परिणामी जून ते सप्टेंबर हे वर्षातील सर्वांत दमट चार महिने काठी घराच्या कोपऱ्यात पडून राहते. याच काळात तिला बाक येतो, बुरशी लागते, भुंगा पोखरतो आणि वाळवी खालून वर चढते. पोळ्यानंतर काठी हाती घ्यावी तर ती धनुष्यासारखी वाकलेली आढळते. हे नुकसान टाळण्याचा उपाय म्हणजे काठ्यांसाठी घरच्या घरी तयार केलेली एक साधी मांडणी. तिला लागणारे साहित्य बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी असते व काम एका दिवसाचे आहे.

मनीषनगर व भोवतालची गावे

नागपूर शहराच्या दक्षिणेस वर्धा मार्गावरून रेल्वेमार्ग ओलांडला की मनीषनगर लागते. तेथून पुढे बेसा व बेलतरोडी ही गावे आहेत. शहर आणि शिवार यांचा सांधा या भागात पाहावयास मिळतो. एकीकडे बहुमजली इमारतींतील लहान सदनिका आणि दुसरीकडे ओसरी व गोठा असलेली जुनी घरे. मनीषनगरात स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचे मूळ गाव तलावांच्या प्रदेशात आहे व गावाशी त्यांचे येणे-जाणे चालू असते. त्यांच्यापैकी कित्येकांकडे दुकानातून आणलेली, दोन तुकड्यांत सुटणारी, फायबरची काठी असते. गावच्या घरी मात्र दहा-बारा फूट लांबीच्या अखंड बांबूच्या काठ्या असतात. या दोन प्रकारांसाठी मांडणीचेही दोन प्रकार करावे लागतात. लांब, अखंड काठीसाठी आडवी मांडणी आणि आखूड, सुट्या काठीसाठी उभी मांडणी. दोहोंची कृती पुढे दिली आहे.

काठी का बिघडते

मांडणी कशी असावी हे ठरविण्यापूर्वी काठी बिघडण्याची कारणे समजून घेणे अवश्य आहे. कारण मांडणीचे प्रत्येक माप या कारणांवरूनच निघते.

पहिले कारण बाक. काठी भिंतीस तिरपी टेकून ठेवली असता तिचे वजन तिच्याच मध्यभागावर येते. कोरड्या हवेत बांबू हा भार काही काळ सहन करतो. परंतु दमट हवेत बांबूचे तंतू ओलावा शोषून नरम होतात आणि आठवडेच्या आठवडे एकाच बाजूस भार पडल्याने तो बाक कायम होतो. जमिनीवर आडवी टाकलेली काठीही उंचसखल जागेमुळे अशीच वाकते.

दुसरे कारण कीड. बांबूच्या आत पिष्टमय अंश असतो व तो खाण्यासाठी बारीक काळपट भुंगे, ज्यांना घुण म्हणतात, आत शिरतात. काठीखाली पिवळसर पिठासारखा भुसा पडलेला दिसला की भुंगा लागला असे समजावे. वाळवी, म्हणजेच उधई, मात्र जमिनीतून येते. तिला मातीचा संबंध तुटू न देता चढावे लागते, म्हणून काठी जमिनीस वा मातीच्या भिंतीस टेकलेली नसेल तर वाळवीचा मार्ग उघड होतो व तो वेळीच मोडता येतो.

तिसरे कारण अतिशय कोरडी उष्णता. नागपूर भागात मे महिन्यात तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर जाते. तापलेल्या टिनाच्या छपराखाली लगटून ठेवलेला बांबू उभा तडकतो. तडकलेल्या फटीतून पुढे पावसाळ्यात ओल व कीड दोन्ही आत शिरतात.

चौथे कारण ऊन. गळाची दोरी आता बहुधा नायलॉनच्या तंगुसाची असते. सतत उन्हात राहिल्यास तंगूस ठिसूळ होतो व ऐन वेळी तुटतो. फायबरच्या काठीवरील रोगणही उन्हाने उडते.

यावरून मांडणीची चार पथ्ये ठरतात. काठी सरळ राहील एवढे आधार असावेत. ती जमीन व भिंत यांपासून सुटी असावी. तिच्या सभोवती हवा खेळावी. आणि तिजवर ऊन, पाऊस व चुलीचा धूर येऊ नये.

जागेची निवड

गावच्या घरी ओसरीची किंवा छपरीची आतील भिंत सर्वांत सोयीची. भिंतीवर पावसाची झड येत नाही याची खात्री करून घ्यावी. टिनाचे छप्पर असल्यास वरच्या खुंटीपासून छपरापर्यंत किमान दीड फूट अंतर सोडावे. चुलीच्या खोलीत मांडणी करू नये. गोठ्यात, विशेषतः गव्हाणीच्या वर किंवा तणसाच्या ढिगाजवळ, तर ती कधीही करू नये. याचे कारण पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

मनीषनगरसारख्या वस्तीतील सदनिकेत पश्चिमेच्या उन्हाची गॅलरी टाळावी. खोलीच्या दारामागील भिंत किंवा जिन्याखालील कोरडी जागा उभ्या मांडणीस पुरेशी होते.

लाकूड व बांबू

उभ्या पट्ट्यांसाठी साग, बाभूळ किंवा कडुलिंब यांचे वाळलेले लाकूड घ्यावे. नवीन लाकूड विकत घेण्याची आवश्यकता नाही. मोडक्या बंडीचे, जुन्या चौकटीचे किंवा पलंगाचे लाकूड या कामास उत्तम, कारण ते पूर्णपणे वाळलेले असते व पुढे मुरगळत नाही. जुन्या लाकडातील खिळे मात्र सर्व काढून घ्यावेत.

खुंट्यांसाठी भरीव बांबू लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत व अनेक शेतांच्या धुऱ्यांवर आढळणारा मानवेल जातीचा बांबू मुळाकडे जवळजवळ भरीव असतो. तीन ते चार वर्षे वयाचा बांबू पावसाळा संपल्यानंतर, हिवाळ्यात तोडावा. पावसाळ्यात तोडलेल्या किंवा एक वर्षाच्या कोवळ्या बांबूस भुंगा लवकर लागतो. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे स्वतःच्या शेतातील बांबू तोडणे सुलभ झाले आहे. वनातील बांबू मात्र अनुमतीवाचून तोडू नये.

गळकाठीसाठी तोडलेला अखंड बांबू तीन ते चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. या काळात त्यातील पिष्टमय अंश बराचसा निघून जातो व भुंग्याचे खाद्यच नाहीसे होते. पाण्यातून काढल्यावर तो उन्हात न टाकता सावलीत वाळवावा.

खुंट्या लहान व कापलेल्या असल्याने त्यांना औषधी द्रावण आत शिरू शकते. 20 लिटर पाण्यात 400 ग्रॅम बोरिक आम्ल व 600 ग्रॅम टाकणखार कोमट पाण्याच्या साहाय्याने पूर्ण विरघळवावा आणि वाळलेल्या खुंट्या त्यात पाच ते सात दिवस बुडवून ठेवाव्यात. नंतर सावलीत वाळवाव्यात. हे द्रावण मुले व जनावरे यांच्यापासून दूर, झाकून ठेवावे. उरलेले द्रावण तलावात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ही द्रव्ये पाण्याने धुऊन जाणारी असल्याने प्रक्रिया केलेली वस्तू छपराखालीच वापरावी.

आडवी मांडणी

ही मांडणी 10 फूट लांबीच्या 12 काठ्यांसाठी आहे.

साहित्य: 3 फूट लांब, 4 इंच रुंद व दीड इंच जाड अशा तीन लाकडी पट्ट्या, पाऊण इंच जाडीच्या, 6 इंच लांबीच्या 18 खुंट्या, भिंत व पट्टी यांमध्ये बसविण्यासाठी 1 इंच जाडीचे 6 लाकडी ठोकळे, 5 इंच लांबीचे 6 स्क्रू, सायकलची जुनी ट्यूब, थोडे जवसाचे तेल.

हत्यारे: करवत, रंधा, गिरमिट किंवा हातड्रिल, पटाशी, कानस, गुण्या, ओळंबा व दोरी. ही हत्यारे घरी नसल्यास गावच्या सुताराकडून पट्ट्या पाडून घ्याव्यात. बाकीचे काम स्वतः करता येते.

आखणी: तिन्ही पट्ट्या रंधून घ्याव्यात व एकमेकींस लावून, टोके जुळवून, एकदमच आखाव्यात. वरच्या टोकापासून 3 इंचांवर पहिली खूण करावी व नंतर प्रत्येक 6 इंचांवर एक याप्रमाणे एकूण सहा खुणा कराव्यात. शेवटची खूण खालच्या टोकापासून 3 इंचांवर येईल. प्रत्येक पट्टी निरनिराळी मोजून आखल्यास खुणांत थोडाथोडा फरक पडतो. मग तीन आधारांपैकी एक उंच व एक खाली राहतो आणि मांडणीवर ठेवलेली सरळ काठीही वाकडी होते. म्हणून एकत्र आखणी करण्याचा कंटाळा करू नये.

भोके: प्रत्येक खुणेवर पाऊण इंच व्यासाचे, सव्वा इंच खोल भोक पाडावे. भोक आरपार जाऊ देऊ नये. गिरमिट अगदी काटकोनात न धरता, खुंटीचे बाहेरचे टोक किंचित वर उचललेले राहील अशा बेताने थोडे तिरपे धरावे. बाहेरचे टोक सुमारे पाऊण इंच उंच राहिले म्हणजे पुरे. यामुळे काठी घरंगळून खाली पडत नाही. सर्व भोकांस सारखा कल येण्यासाठी पुठ्ठ्याचा एक तिरपा साचा कापून तो गिरमिटाजवळ उभा करावा.

खुंट्या बसविणे: खुंटीचे आत जाणारे टोक कानशीने किंचित निमुळते करावे, सुतारकामाचा डिंक लावावा व लाकडी हातोड्याने हलके ठोकून बसवावी. भोकात पाचर मारून खुंटी घट्ट करू नये, पट्टी चिरते. खुंटीची बाहेरची टोके गुळगुळीत घासावीत. एक रात्र डिंक सुकू द्यावा. नंतर पट्ट्या व खुंट्या यांना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेल वाळल्यावर सायकलच्या ट्यूबचे 4 इंच लांबीचे तुकडे खुंट्यांवर चढवावेत, म्हणजे काठीचे साल घासले जात नाही.

अंतर: दोन्ही टोकांस 1 फूट सोडून उरलेल्या लांबीचे दोन समान भाग करावेत, हा नियम ध्यानात ठेवावा. 10 फुटांच्या काठीसाठी उरतात 8 फूट. म्हणजे पट्ट्या परस्परांपासून 4 फुटांवर येतील. 12 फुटांच्या काठीसाठी हे अंतर 5 फूट होईल. दोन आधारांतील अंतर 5 फुटांहून अधिक होऊ देऊ नये. काठ्या याहून लांब असतील तर चौथी पट्टी वाढवावी.

भिंतीवर बसविणे: सर्वांत खालची खुंटी जमिनीपासून 4 फूट उंचीवर यावी. म्हणजे सर्वांत वरची साडेसहा फुटांवर येते व मोठ्या माणसाचा हात तिथवर सहज पोहोचतो. प्रथम मधली पट्टी ओळंब्याने उभी करावी. तिच्या वरच्या टोकापासून दोन्ही बाजूंस दोरी ताणून व पाण्याच्या नळीने पातळी पाहून बाकीच्या दोन पट्ट्यांची जागा निश्चित करावी. विटांच्या भिंतीस भोके पाडून गुट्टी ठोकावी व प्रत्येक पट्टी वर-खाली दोन स्क्रूंनी पक्की करावी. पट्टी व भिंत यांमध्ये 1 इंचाचे ठोकळे अवश्य घालावेत. त्यामुळे मागून हवा खेळते व वाळवीची मातकट रेघ दिसून येते.

मातीच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही. तेथे पट्ट्यांऐवजी साडेसात फूट उंचीचे तीन लाकडी खांब घ्यावेत. त्यांची वरची टोके वाशांस किंवा आढ्याच्या लाकडास तारेने बांधावीत व खालची टोके सपाट दगडांवर टेकवावीत. खांब जमिनीत पुरू नयेत, नाहीतर वाळवीस आयताच जिना मिळतो. खुंट्यांची मापे वरीलप्रमाणेच ठेवावीत.

परीक्षा: काठ्या ठेवण्यापूर्वी प्रत्येक खुंटीवर 5 किलो वजनाची पिशवी एक रात्र टांगून पाहावी. सकाळी खुंटी खाली झुकलेली किंवा पट्टी भिंतीपासून सुटलेली आढळल्यास दोष काढून टाकावा. प्रत्येक खुंटीवर दोनच काठ्या ठेवाव्यात. फेकजाळे या मांडणीवर टांगू नये. त्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्यांचे वजन बरेच असते. त्यासाठी वेगळी भक्कम खुंटी असावी.

उभी मांडणी

सहा-सात फूट लांबीच्या, फिरकी लावलेल्या फायबरच्या काठ्यांसाठी ही मांडणी योग्य होय. तीत सहा काठ्या राहतात.

तळासाठी 36 इंच लांब, 6 इंच रुंद व दीड इंच जाड फळी घ्यावी. एका टोकापासून 3 इंचांवर पहिली व नंतर दर 6 इंचांवर एक अशा सहा खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेवर दीड इंच व्यासाची व पाऊण इंच खोल वाटी कोरावी. वाटीच्या तळाशी पाव इंचाचे आरपार भोक पाडावे, म्हणजे ओल्या काठीचे पाणी साचून राहत नाही. काठीची मूठ याहून जाड असेल तर वाटी त्या मापाने मोठी करावी. दोन खुणांमधील 6 इंच अंतर कमी करू नये. फिरक्या एकमेकींवर आदळतात.

वरच्या आधारासाठी 36 इंच लांब, 3 इंच रुंद व 1 इंच जाड पट्टी घ्यावी. तिच्या पुढच्या कडेस, खालच्या वाट्यांच्या बरोबर वर येतील अशा बेताने, पाऊण इंच रुंद व सव्वा इंच खोल सहा खाचा कापाव्यात. खाचांच्या आतून ट्यूबची पट्टी चिकटवावी. काठी पुढे पडू नये म्हणून प्रत्येक खाचेपुढे ट्यूबचाच एक अरुंद पट्टा दोन लहान खिळ्यांवर अडकविता येईल असा ठेवावा. तळफळी व वरची पट्टी यांना दोन्ही बाजूंनी 36 इंच उंचीच्या फळ्यांनी जोडावे. चौकट गुण्याने काटकोनात आहे हे पाहून मागील बाजूस एक तिरपी पट्टी ठोकावी. अखेर तळफळीखाली 2 इंच उंचीचे पाय लावावेत आणि वरच्या पट्टीतून भिंतीत दोन स्क्रू बसवून चौकट भिंतीस बांधावी. भिंतीस न बांधलेली उभी मांडणी लहान मुलाच्या एका ओढीने अंगावर येते, हे विसरता कामा नये.

फायबरची काठी ठेवताना तिचे जोड सुटे करावेत. जोडलेली काठी अनेक महिने तशीच राहिल्यास जोड अडकून बसतो. फिरकीचा ताण सैल करून ठेवावा.

काठी ठेवण्यापूर्वी

हंगाम संपला की काठी गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी व एक-दोन दिवस सावलीत वाळवावी. ओली काठी मांडणीवर ठेवल्यास मांडणीचा निम्मा उपयोग वाया जातो. दोरी काठीवर गुंडाळून ठेवू नये. ती सोडून लाकडाच्या रिळावर सैलसर गुंडाळावी व उंदीर पोहोचणार नाहीत अशा झाकणाच्या डब्यात ठेवावी.

बांबूच्या काठीस जवसाचे कच्चे तेल फडक्याने चोळावे. जवस हे विदर्भातील जुने पीक असल्याने हे तेल सुलभ आहे. ते हवेत वाळते व त्याचा पातळ थर काठीवर बसून ओल अडविली जाते. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन पातळ थर द्यावेत. तेलाने भिजलेले फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते व अशा बोळ्यास आपोआप आग लागू शकते. फडके मोकळ्या जागी पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकून द्यावे.

आधीच बाक आलेली काठी फेकून देण्याचे कारण नाही. निखाऱ्यांच्या मंद आचेवर, एक वीत उंच धरून, बाकाची जागा फिरवीत शेकावी. हाताला चटका बसेल इतकी गरम झाली की उलट दिशेने हळूहळू दाबून सरळ करावी व थंड होईपर्यंत तशीच धरावी. ज्वाळेवर धरू नये; साल करपते व काठी त्या जागी ठिसूळ होते.

मांडणीवर ठेवलेली काठी दर आठवडी बाजाराच्या दिवशी पाव फेरा फिरवावी, म्हणजे भार नेहमी एकाच बाजूस पडत नाही. त्याच वेळी खाली भुसा पडला आहे काय आणि भिंतीवर मातीची रेघ चढली आहे काय, हे पाहावे. या पाहणीस पाच मिनिटे लागतात. भुंगा लागलेली काठी आढळल्यास ती इतरांपासून ताबडतोब वेगळी करावी.

गळ सोडून ठेवण्याचे महत्त्व

काठीबरोबर गळ लोंबकळत ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. ही सवय धोक्याची आहे. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो. तो कातडीत शिरला म्हणजे मागे ओढून निघत नाही. अंधारात ओसरीवर वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर गळ टांगलेला असणे किती घातक, हे सांगावयास नको. गळ रुतल्यास जोराने न ओढता आरोग्य केंद्रात जावे व धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

जनावरांना असलेला धोका याहून मोठा, कारण तो दिसत नाही. गाय, बैल व म्हैस चारा नीट न चावता गिळतात व नंतर रवंथ करतात. तणसात किंवा कडब्यात पडलेला गळ, खिळा वा तारेचा तुकडा चाऱ्याबरोबर पोटात जातो व पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो. हा कप्पा हृदयाच्या अगदी जवळ असतो. तीक्ष्ण वस्तू कप्प्याची भिंत भेदून पुढे सरकली तर ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. जनावर खाणे कमी करते, पाठ कमानीसारखी करून उभे राहते, उतारावर चालण्यास कां-कूं करते व दूध आटवते. पुढे उपाय करणे अवघड होते. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. दोन रुपयांच्या गळापायी बैलजोडीतील एक बैल जाणे शेतकऱ्यास परवडणारे नाही, आणि म्हणूनच मांडणी गव्हाणीपासून व चाऱ्यापासून दूर असावी असे वर म्हटले आहे.

यास्तव मांडणीच्या शेजारीच झाकणाचा एक पत्र्याचा डबा टांगावा. त्यात भेंडाचा किंवा ज्वारीच्या धांड्यातील गाभ्याचा तुकडा ठेवून प्रत्येक गळ तेलाचे बोट लावून त्यात टोचावा. गळ मोजून ठेवावेत व ती संख्या झाकणावर लिहावी. हंगामात घरी परतल्यावर संख्या कमी भरली तर हरवलेला गळ शोधल्यावाचून राहू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या मांडणीचा प्रचार तोंडी सांगून होणार नाही. रोहिणी नक्षत्रापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, गावात एक मांडणी सर्वांसमक्ष तयार करून दाखवावी. या वेळी शेतीची कामे थोडी सैल असतात, लाकूड कोरडे असते व काठ्या ठेवण्याचा काळही जवळ आलेला असतो. प्रात्यक्षिकासाठी मासेमार संस्थेच्या घरासारखी सर्वांच्या येण्याजाण्याची जागा निवडावी. सुताराचे काम व शेतकऱ्याचे काम वेगवेगळे करून दाखवावे, म्हणजे खर्च नेमका कशावर होतो हे प्रत्येकास कळते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी दोन सारख्या काठ्या निवडून त्यांपैकी एक मांडणीवर व दुसरी नेहमीप्रमाणे भिंतीस टेकून ठेवावी. दोहोंवर तारीख लिहावी. पोळ्याच्या सुमारास त्या दोन्ही काठ्या सपाट जमिनीवर शेजारी ठेवून गावकऱ्यांस दाखवाव्यात. काठीच्या मध्याखाली किती बोटे जागा राहते ते प्रत्येकाने स्वतः मोजावे. या मोजणीने जे पटेल ते व्याख्यानाने पटणार नाही.

तलाव ज्या संस्थेस ठेक्याने दिलेला आहे तिच्या अनुमतीवाचून गळ टाकू नये आणि विणीच्या काळात बंदी मोडू नये, हेही याच वेळी समजावून सांगावे. पावसाळ्याचे चार महिने मासे वाढतात. तेच चार महिने काठी मांडणीवर सरळ व कोरडी राहिली, तर पाळीवर जाण्याचा दिवस उजाडेल तेव्हा तलावही भरलेला असेल आणि हातातील काठीही भरवशाची असेल.